गुळवेलीचं आवतन

माय, लोक आता झाडपाल्याचा काढा प्यायले सुट्टी काढून, पैसे भरून येतात, अन् तो काढा मी करून राहिली. तू असती तं पदर तोंडाले लावून हसली असती. शहराबाहेर, हुडकेश्वरच्या पुढं जिथं नुसत्या तुरी होत्या, तिथं आता जागोजागी पाट्या लागल्या: वनौषधी, निसर्गोपचार, मनःशांती. त्यातल्याच एका रिट्रीटमध्ये मले काम मिळालं. मालकीण रामदासपेठेतली, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं साफ सांगितलं, "काकू, ही एक बॅच तुमच्यावर. पाहुण्यांना आवडलं तर काढ्याची सकाळ कायमची तुमची. नाहीतर मी केरळहून माणूस बोलावते." मले ते काम पाह्यजेच होतं, माय. घरी सगळ्यायले गोळ्या पुरतात. तुझं जे मले येते ते कोणी मागतच नव्हतं.

आपल्या मागच्या आंगनात गुळवेल तोडायच्या आदल्या सांजेले तू तिच्या बुडाशी हळद-तांदूळ वाहायची. घरात बाबांचा माग खटखट चालू असायचा, मी तुझ्या मागं उभी. मी विचारते, "काहून वं माय?" तू म्हणते, "न सांगता कोणी कोणाच्या अंगाले हात लावते का? आवतन द्या लागते." तेच काल सांजेले मी पाहुण्यायकडून करवलं. पुण्याचे एक साहेब, बंगळुरूच्या दोघी बहिणी, एक गोरी बाई, सारे कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीपुढं वाकले. हळद-तांदूळ वाह्यले, फोटो काढले. मी खुश.

अन् आज सकाळी विळा घेऊन गेली, तं काय! गोरी बाई वेलीले कवटाळून उभी. साहेब मधात आडवे. "अहो, काल पाहुणी म्हणून बोलावलं तिला, आज कापायचं कसं?" बहिणी तं डोळे पुसून राहिल्या. अवं माय! चुलीवर पाणी खदखदून राहिलं, मालकीण मॅडम दारात हाताची घडी घालून उभ्या. मले वाटलं, गेलं काम. मग तुझाच आवाज माझ्या तोंडून निघाला. म्हटलं, "साहेब, आवतन देऊन बोलावलेल्या पाहुणीले तुम्ही दारातच उभं ठेवता का? रातभर तयार होऊन बसली ती. आता नेलं नाही तं रुसून बसन."

साहेब खो-खो हसले, अन् विळा त्यायनंच मागितला. कडू काढ्यानं एकेकाचं तोंड असं झालं का मले हसू आवरेना, पण पेला कोणी खाली ठेवला नाही. गोऱ्या बाईनं तं परत मागितला. मॅडम सगळ्यायसमोर म्हणाल्या, "काकू, सकाळ तुमची." इतकी खुश मी कधी झाली होती, आठवत नाही. येताना ऑटोत मोठ्यानं गाणं म्हटलं, ऑटोवाला वळून-वळून पाहे.

आता मॅडमले आवतनाचे शब्द पाह्यजेत, येणाऱ्या पाहुण्यायले शिकवायले. मी हो म्हटलं खरं. पण तू तं ओठातल्या ओठात पुटपुटायची, मले कधी ऐकूच आलं नाही. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून तुले सांगते. काल वेलीपुढं वाकली तवा मी एवढंच म्हटलं होतं, "माय, उद्या माझ्यासंग चाल वं."