सौर गरम पाण्याच्या कागदावरची सही परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
नीलगंगा सहकारी गृहनिर्माण संस्था,
मयूर विहार, दिल्ली.

अर्जदार : भीमाबाई खंडेराव जगदाळे, वय ७४, सदनिका क्र. ४०३.

विषय : गच्चीवरच्या सौर टाकीचे गरम पाणी सुरक्षित जोडणी होईपर्यंत बंद ठेवण्याबाबत व अर्जदाराची सही परत देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे दि. २६ मार्च व दि. १० एप्रिल २०२५ चे अर्ज. दोन्ही "सदस्याची सही नाही" असा शेरा मारून परत आले.

महोदय,

१. ज्या वर्षी अर्जदाराची नात भक्ती हिचे लग्न झाले, त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, आपल्या इमारतीवर उन्हावर पाणी तापवणारी टाकी बसली. टाकीबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. थंडीत नळाला गरम पाणी आले याचे तिला कौतुकच होते. तिचे यजमान, निवृत्त हवालदार खंडेराव, म्हणत, "पलटणीत असलं पाणी फक्त साहेबाला मिळायचं." आपण मराठी आहात असे तळमजल्यावरच्या नीलावहिनींनी सांगितले, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत आहे. अर्जदाराला हिंदी बोलता येते, लिहिता येत नाही.

२. भक्तीच्या हळदीच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस दारात आला. कागद इंग्रजीत होता. "आंटीजी, अंगूठा भी चलेगा," असे तो भरल्या घरासमोर म्हणाला. अर्जदार एकसष्टाव्या वर्षी याच नातीकडून अक्षरे शिकली आहे. तिला ते लागले. कागदावर काय आहे हे कोणालाही न विचारता तिने पेन घेतले आणि पूर्ण नाव लिहिले. हाताची हळद कागदाला लागली. त्या कागदावर असे लिहिलेले आहे की, बाथरूममध्ये गरम व थंड पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून मिळाला आणि वापर नीट समजावून सांगितला. यातले काहीच झालेले नाही. इमारतीतल्या बत्तीसही घरांत असाच कागद फिरला व बत्तीसही सह्या झाल्या.

३. होळी झाली की दिल्लीत गरम पाणी कोणी फारसे वापरत नाही, त्यामुळे टाकीतले पाणी दिवसभर तापतच राहते. यजमानांना मात्र बारा महिने गरम पाणी लागे. साखरेच्या आजाराने त्यांच्या हातापायांना चटका कळत नसे, म्हणून बादलीत विसण घालून पाणी अर्जदारच काढून देई. शनिवार दि. २२ मार्च रोजी दुपारी ती खाली भाजी घ्यायला गेली होती. यजमानांनी दोन्ही नळ सोडले. थंड पाण्याची वरची टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती, त्याची सूचना कोणी दिली नव्हती. थंडाचा नळ गुरगुरला आणि बंद पडला. गरमाचा चालू राहिला. स्टुलावर बसून त्यांनी मगाने ते पाणी मांड्यांवर आणि पायांवर घेतले, एकदा नाही, अनेकदा. अर्जदार वर आली तेव्हा ते साबण लावत होते आणि म्हणाले, "अगं, आज साबण उतरेना." तो साबण नव्हता, कातडी होती. त्यानंतर बारा दिवस ते रुग्णालयात होते.

४. अर्जदार रुग्णालयातून दोनदा संस्थेच्या सचिवांकडे गेली. त्यांनी हळद लागलेला कागद काढून दाखवला. "साइन आपका, हल्दी भी आपकी. वॉल्व तो लगा हुआ है." वर येऊन बघा म्हटले तर म्हणाले, कागदावर आहे ते बघायला कशाला यायचे? नीलावहिनींचा मानस इंजिनिअर आहे. त्याने पाणी मोजले, शहात्तर अंश भरले. ते सचिवांना पटले नाही. मग अर्जदाराने नळाचे पाणी पातेल्यात घेतले, त्यात चहापत्ती टाकली, शेगडी न पेटवता चहा केला, गाळला, आणि पुरावा म्हणून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सचिवांनी तो पुरावा प्यायला. "चाय अच्छी है, आंटीजी. थोड़ी अदरक डालतीं."

५. मानसचे म्हणणे असे की, गच्चीवरून उतरणाऱ्या मुख्य पाइपला एकच मोठा मिसळणारा व्हॉल्व्ह बसवला तरी सगळी इमारत सुरक्षित होईल. थंड पाणी थांबले की तो गरमही थांबवतो. काम एका दिवसाचे आहे. तोवर गरमाचा कॉक बंद करावा, एवढीच विनंती आहे. अर्जदार स्वतः बंद करायला गेली होती. गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली ठेकेदाराकडे आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वृंदा यांची स्वानंदी चौदा महिन्यांची आहे. ती नुकती उभी राहू लागली आहे, आणि उभी राहते ती बाथरूमचा नळ धरून. अर्जदार रोज दोनदा जिना उतरून त्यांच्या दाराशी जाते व विचारते, "बाळ कुठंय?" वृंदा आता दार उघडण्याआधीच आतून सांगतात, "इथंच आहे, आजी." साहेब, हे किती दिवस चालेल? अर्जदाराचे गुडघे चालत नाहीत.

६. अर्जदाराची सही परत द्यावी. कागद फाडता येत नसेल तर तिच्या नावाखाली जागा द्यावी. तिथे ती स्वतःच्या हाताने लिहील की वरचा मजकूर खोटा आहे, तो तिला कोणी वाचून दाखवला नाही आणि तिनेही विचारला नाही. यातला शेवटचा दोष तिचा आहे व तो तिला मान्य आहे. पण एका बाईच्या न विचारण्यावर बत्तीस घरांतले पाणी तापत राहू नये. आपण स्वतः यावे, हात न घालता नळ सोडून पाहावा आणि कॉक त्याच दिवशी बंद करावा.

कळावे, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र अर्जदार,
भीमाबाई खंडेराव जगदाळे

दि. २१ एप्रिल २०२५

सोबत : १. रुग्णालयाच्या कागदांची प्रत. २. मानस यांनी मोजलेल्या तापमानाचा फोटो. ३. परत आलेले दोन अर्ज.

सदस्याची सही : सदस्य खंडेराव जगदाळे गुरुवार दि. ३ एप्रिल २०२५ रोजी सकाळी सहा वाजता वारले.