दिल्यानंतरची फेरी

आप्पा,

परवा सकाळी शाळेला निघत होते, तर दारात एक माणूस उभा. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडं. म्हणाला, "बाई, हितं घोडी फुकट देत्यात म्हणं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, खासबागेतलं घर सोडून आई आणि मी टिळकवाडीत आलो त्यालाही दिवस झाले, तरी विचारत विचारत माणसं येतात. मी म्हटलं, "देणारे गेले. आता नाही देत कोणी." तो हलेना. म्हणाला, "मग ते फुकट का देत हुते?" त्याच्या डोळ्यांतला संशय माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी त्याच संशयाच्या घरात वाढले.

तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. कँपातल्या लष्करानं काढून टाकलेली घोडी, टांगेवाल्यांची थकलेली घोडी तिथं यायची आणि साहेब सांगायचा, गोळी घाला. तुम्ही, एक म्हातारा टांगेवाला आणि पलटणीतून सुटलेला एक घोडेस्वार, असे तिघं मिळून ती मागून घ्यायचा आणि खेड्यापाड्यांत घर शोधून द्यायचा. बदल्यात काहीच घ्यायचं नाही. घेणाऱ्यानं घोडं टांग्याला जुंपायचं नाही, विकायचं नाही, आणि सांभाळणं जमलं नाही तर परत आणून सोडायचं, एवढंच कबूल करून घ्यायचं. ह्या फुकटपणामुळंच कुणाला तुमचा भरवसा वाटत नसे. शेतकऱ्यांना वाटायचं, घोड्यात खोड असणार. गल्लीला वाटायचं, ह्यात ह्यांचं काहीतरी साधत असणार. एकदा तर पोलीस चौकीतला हवालदार येऊन अंगणात बसला आणि चहा पीत विचारू लागला, "मास्तर, घोडी गोळा करताय ते कळलं. पर स्वार कुटं ठेवल्यात?" तुम्ही मास्तर नव्हता, आणि तुम्हाला हसूही आलं नाही. आई मात्र दिवसभर घाबरून होती.

आईचा संशय निराळा. दर रविवारी तुम्ही धुतलेला सदरा घालता, खिशात गुळाचा खडा टाकता आणि दिवसभर नाहीसे होता, हे तिला खुपायचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. माजघरात ती विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली आहे, रहाटाचा हात थांबवून मला जवळ ओढते आणि हळूच म्हणते, "जा गं ह्यांच्यासंगं. कुठं जात्यात, कुणाशी बोलत्यात, सगळं बघून ये." अशी मी तुमच्याबरोबर फेरीला येऊ लागले. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "चल. पण वाटेत भूक लागली म्हणायचं न्हाय."

त्या फेऱ्यांत मी पाहिलं, की तुमच्याइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. दिलेलं घोडं बघायला तुम्ही न कळवता जायचा आणि कधीच पुढच्या दारानं जायचा नाही. बोरगावचा तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. आपण मोटारीनं निपाणीला उतरलो, तिथून एका गाडीवानानं बोरगावला सोडलं. तंबाखूच्या वावरातून तुम्ही मला मागच्या बाजूनं थेट गोठ्यात नेलंत. घोडी तर चकचकीत होती. मालक धावत आला, हात जोडून गोड गोड बोलू लागला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घोडीजवळ जाऊन उभे राहिलात आणि पटका नीट करायला म्हणून हात झटकन वर उचललात. घोडीनं मान फेकली आणि मागं भिंतीला जाऊन धडकली.

"मारतोस तू हिला."

"देवाशप्पथ न्हाय, आप्पा! लेकरावानी संबाळतोय की."

"तुला कुठं इचारलं? तिला इचारलं." आणि तुम्ही दावं सोडलंत. त्याच दिवशी ती निपाणीत एका ओळखीच्या माणसाच्या परड्यात नेऊन बांधलीत.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "बाई न्हाय गं, घोडी हाय." आईनं रहाट पुन्हा फिरवायला घेतला. मग म्हणाली, "बाई असती तर भांडता तरी आलं असतं."

तिचं खोटं नव्हतं. आपल्या अंगणात कायम एखादं लंगडं, नाहीतर आंधळं घोडं बांधलेलं. पाहुणे नाकाला पदर लावून आत यायचे. माझ्या हळदीच्या दिवशी एका घोड्याचं पोट फुगलं आणि तुम्ही दुपारपर्यंत दवाखान्यात. आलात तेव्हा अंगाला औषधाचा वास, आणि बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या घरी दिलंत. तिथं मात्र तुम्ही एकदाच गेला होता, कळवून, पुढच्या दारानं. चहा प्यालात आणि आईला येऊन सांगितलंत, "माणसं बरी दिसत्यात." हे मी दाराआडून ऐकलं होतं. पुढं सासरी वखारीत तंबाखूची धूळ खाताना, भाकरी करपली म्हणून नवऱ्याचा हात बसल्यावर, तेच वाक्य माझ्या कानात वाजायचं. सणाला न्यायला मामा यायचा. तुमचं विचारलं की म्हणायचा, "ते फेरीला गेल्यात." मी मनातल्या मनात तुम्हाला बोल लावायची. दिलेल्या घोड्याला महिन्याच्या आत बघायला जाता, आणि मी? मामालाही मी काही सांगितलं नाही. घोड्यांपुढं माझं ऐकायला तुम्हाला सवड असेल, हेच मला खरं वाटत नव्हतं.

आणि एके दुपारी मी परसात भांडी घासते आहे, आणि तुम्ही मागच्या दारात उभे आहात. चप्पल धुळीनं माखलेली. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की बोरगावला कुणाकडं तरी घोडं बघायला आले असणार, जाता जाता डोकावले. सासूबाई बाहेर आल्या. "पाव्हणं मागल्या दारानं कसं?"

"वाट चुकलो," तुम्ही म्हणालात, आणि पायरीवर बसलात. "पाणी आण गं."

मी तांब्या घेऊन तुमच्यापुढं वाकले. तुमचा हात झटकन पटक्याकडं गेला. मी खांद्यात मान घालून बाजूला सरले. तांब्या खणखणत परसात गेला. तुम्ही काय केलंत ते मला कळलं, आणि मी काय केलं तेही कळलं, पण दोन्ही होऊन गेल्यावर. सासूबाई हसल्या. "हात असं येंधळं हाईत तिचं." तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. फरशीवर पसरत चाललेल्या पाण्याकडं बघत होता.

"हिची आई लई आजारी हाय," तुम्ही म्हणालात. "घिऊन जातो."

"सांगावा तर न्हाय आला?"

"मीच आलोय की सांगावा घिऊन." सासूबाई तुमच्या तोंडाकडं बारीक डोळे करून बघत राहिल्या. पण आजारी आईचं नाव घेतल्यावर अडवणार कसं? मी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले.

मोटारीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. आई मरायला टेकली आहे असं समजून मी पदराआड रडत होते. घरी पोचलो तर आई उंबऱ्याशी बसून कांड्या भरत होती, धडधाकट. मी तुमच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. "खोटं बोलून आणलंत मला? आता ते लोक काय म्हणतील?" तुम्ही बादली उचलून घोड्याला पाणी पाजायला गेलात. आईनं माझ्या चोळीची बाही वर सरकवली, बघितलं, पुन्हा खाली ओढली आणि चूल पेटवायला उठली.

महिन्याभरानं ते न्यायला आले. नवरा आणि दोघं जाणती माणसं. गल्ली दारादारांत उभी होती. तुम्ही त्यांना बसा म्हटलं नाही. म्हणालात, "देताना मी नीट बघितलं न्हाय. चूक माझी हाय. पण पुन्यांदा दिणार न्हाय." एवढं बोलून दार लावून घेतलंत. त्यानंतर कितीतरी दिवस लोक माझ्याकडं बघायचे, पोरीतच काही खोट असणार अशा नजरेनं. आपल्याला लग्नाकार्याची आमंत्रणं यायची बंद झाली. आई त्यावरून तुमच्याशी भांडली, आणि त्याच आईनं आपल्या बांगड्या मोडून मला मास्तरीण होईपर्यंत शिकवलं. रविवारच्या फेऱ्या तुम्ही सोडल्या नाहीत. फक्त पुढं मला कधी बरोबर चल म्हणाला नाहीत, आणि मीही निघाले नाही.

तुम्ही गेल्यावर त्या म्हाताऱ्या टांगेवाल्याला मी सहज विचारलं होतं. तो म्हणाला, "त्या वक्ताला बोरगावात आपलं घोडं हुतंच की. तिकडंच गेलतं आप्पा." आईला विचारलं, तर ती उसळून म्हणाली, "काय बी सांगतोय. आदल्या दिवसापासनं जेवले न्हवते ते. तुझ्याकडंच आलते." आईवर विश्वास ठेवावासा वाटतो. पण मला बरं वाटावं म्हणून ती काहीही सांगेल, हेही मला ठाऊक आहे.

तुम्हालाच विचारता आलं असतं. तुम्ही पुढं बरीच वर्षं होता. संध्याकाळी मी मुलींच्या पाट्या तपासायची आणि तुम्ही समोर बसून खोगिराचा पट्टा शिवायचा. कितीदा प्रश्न ओठांवर आला. पण "बोरगावला आलतो, म्हणून डोकावलो" असं तुम्ही म्हणाला असता, तर ते ऐकून त्या घरात मी राहू शकले नसते. म्हणून गप्प बसले. आज सगळं लिहून काढलं, आणि कबूल करते आप्पा, जीव हलका झाला तो ह्याला उत्तर येणार नाही म्हणून.