उजव्या कुशीवर

बुधवार, १८ नोव्हेंबर
सकाळी, कामावर जाण्याआधी

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, चिमणीला एक पापा. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, वेळेवर कामावर जातो. एवढं लिहून झालं, आता खरं लिहितो.

माझं सगळं बदललं ते काल संध्याकाळी. एका अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडलेली सगळी माणसं उजव्या कुशीवर वळली आणि मी एकटा डाव्या कुशीवर वळलो, तेव्हा.

हसू नकोस. पुढे वाच.

फोनही करता आला असता. पण फोनवर माझ्या आधी माझा आवाज पोचतो, आणि मग तुम्ही सगळे त्या आवाजाशीच बोलत बसता. मागच्या खेपेला तू म्हणालीस, "वचन दे," आणि मी फोन ठेवून दिला. त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. ते या पत्रात आहे, पण शेवटी. तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, ती आज आवर.

आधी इकडचं. कुरिअरच्या गोदामात आता मला चिकटपट्टीवरून खोक्यांवर बढती मिळाली आहे, म्हणजे आधी खोकी बंद करायचो, आता उचलतो. खोलीतला जोडीदार न्हावी आहे हे तुला माहीतच आहे. माझे केस फुकटात कापतो आणि वर बोलणीही फुकटात देतो. परवा कैची थांबवून म्हणाला, "अरे मान सरळ ठेव, कान जाईल. सारखा दाराकडे काय वळतोस? कोण येणार आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणे, "मग त्या 'कोणी नाही'ला एकदाचं येऊ दे किंवा जाऊ दे. मला तुझी मान धरून काम करावं लागतं."

कॉलेजचं विचारू नकोस. दुसऱ्या वर्षात सोडलं ते सोडलं. बाबा अजून पाहुण्यांना "हा आमचा अर्धा इंजिनिअर" असं सांगतात का? सांगू देत. अर्धा तर अर्धा.

आता व्यायामाचं. आईने तुला सांगितलं आणि तू विचारलंस की हे कसलं खूळ. मी म्हटलं, खोकी उचलून पाठ धरते. पाठ धरते हे खरं आहे. पण पाठीसाठी माणूस गोळी घेतो, तेल लावतो. महिन्याचा पास काढून सगळ्या शहरातले क्लास पालथे घालत नाही.

पास असा असतो. पैसे एकदाच भरायचे, मग शहरातल्या कुठल्याही ठिकाणी जायचं. सायकल, नाच, बॉक्सिंग, योगासनं, पाण्यातल्या उड्या, वाटेल ते. अट एकच: एकाच जागी सारखं जाता येत नाही. महिन्यातून दोन-तीनदा झालं की तिथलं दार तुम्हाला बंद, दुसरीकडे जा. त्यामुळे पासवाले सगळे असे भटके. आज इथे घाम गाळतात, उद्या तिथे. कोण कधी कुठे भेटेल, नेम नाही.

तो नेम लावायलाच मी पास काढला, ताई.

तूच एकदा सहज बोलून गेलीस, "आमची धाकटी हल्ली असला कसलासा पास काढून रोज नव्या क्लासला जाते, चेहऱ्यावर जरा तजेला आलाय पोरीच्या." तू बोललीस आणि विसरलीस. माझ्या डोक्यात ते ठाण मांडून बसलं. तुमच्या घरात सगळ्यांची धाकटी, तुझी नणंद. मीही तिला धाकटीच म्हणत आलो. कॉलेजात दोन वर्षं पुढे, आणि तरी धाकटी. तिला नोकरी लागली, ती या शहरात आली, आणि मग माझ्या कॉलेजात उरलंच काय?

तिने मे महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्यादेखत. "मला नाही जमणार. मला भेटायला येऊ नकोस, रस्त्यात थांबू नकोस, निरोप पाठवू नकोस." मी काय केलं ते तू पाहिलंस. नेहमीचंच केलं. दार इतक्या जोरात आपटलं की तुमचं भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. घरी बाबांनी माझ्यासाठी चौकटीला रबराची पट्टी ठोकली होती. "याला सुधारता येत नाही, दाराला तरी सुधारू," म्हणाले होते. तुमच्या घरात ती पट्टी नव्हती.

त्यानंतर तुझ्या सासूबाई तुझ्याशी आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आईकडून कळलं. तू दोन्ही घरांच्या मध्ये उभी, आणि दोन्हीकडून वारा. त्यात मी पुन्हा तिला गाठलं असतं तर तुला त्या घरात मान वर करून वावरता आलं नसतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तरी मी शोधत होतो. मला वाटायचं, एकदा तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं की झालं. भाषण तोंडपाठ होतं. "फक्त पाच मिनिटं ऐक" इथून सुरुवात.

पहिल्यांदा सायकलच्या क्लासला गेलो. जागची न हलणारी सायकल. ढणढण गाणी, आणि पुढे एक जण ओरडतोय, "चढ आला, चढ आला!" कसला चढ? समोर भिंत. मी मान वळवून वळवून प्रत्येक सायकल बघत होतो. ती नव्हती.

मग नाचाचे क्लास. म्हटलं, इथे असणारच, तिला नाच किती आवडतो. तुला माहीत आहे मला डावं-उजवं कळत नाही. शाळेत कवायतीला मी एकटा उलटा वळायचो आणि तू रांगेतून खाली मान घालून हसायचीस. इथेही तेच. सगळे उजवीकडे, मी डावीकडे. एका काकूंच्या नाकावर माझं कोपर बसता बसता राहिलं. शिकवणारी म्हणाली, "तुम्ही एक काम करा, माझ्याकडे बघूच नका, मग आपोआप बरोबर येईल." सगळे हसले, मीही हसलो. तिथेही ती नव्हती. घरी येताना डोक्यात आलं, तिला नाच आवडतो असं ती कधी म्हणाली? आठवेना. ती एका लग्नात नाचली होती आणि मला ती नाचताना आवडली होती. एवढंच. मग बाकीचंही आठवून पाहिलं. तिला कुठल्या क्लासला शोधायचं ते ठरवण्याइतकंही तिची आवड मला माहीत नव्हती. तेव्हा मी हा विचार झटकून टाकला आणि बॉक्सिंगला गेलो.

बॉक्सिंगला जोड्या लावतात. एकाने हातमोजे घालायचे, दुसऱ्याने दोन्ही हातांत जाड गाद्या धरून ठोसे झेलायचे. मला जोडीला आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "दिवसभर लोकांना आ करायला लावते, संध्याकाळी स्वतः हुं हुं करते. चल, मार." त्या मला आवडल्या. मी त्यांच्यासाठी त्या जागेचे तिन्ही दिवस वापरले.

परवा तिसरा दिवस. मी मारत होतो आणि त्या म्हणाल्या, "अरे, माझ्याकडे बघ. तू मला मारतच नाहीयेस. माझ्या मागे कोण उभं आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि घातला एक. जोरात.

त्या दोन पावलं मागे गेल्या. लागलं नाही त्यांना. पण पुढच्या ठोशाला त्यांनी गाद्या झेलायला धरतात तशा धरल्या नाहीत, तोंडापुढे धरल्या. आणि वरच्या फटीतून माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते मात्र आठवेना. माझे हात खाली आले. मी माफी मागितली. मला ती धडपणे मागताही येत नाही, गुरगुरल्यासारखी झाली.

त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "दुखऱ्या दाताला आधी भूल देतात, मग चिमटा लावतात. तू सरळ चिमटाच लावतोस, स्वतःलासुद्धा. उद्या मारामारीला जाऊ नकोस. नुसतं पडून राहायचा एक क्लास असतो, तिथे जा."

"पडून राहायला क्लास?"

"जमतं का ते बघ आधी, मग हस."

म्हणून मी काल तिथे गेलो. शपथेवर सांगतो ताई, काल मी तिला शोधायला गेलो नव्हतो. हा क्लास मी म्हाताऱ्यांचा म्हणून पहिल्यापासून सोडून दिला होता.

गोदामात गाडी उशिरा आली, मलाही उशीर झाला. पोचलो तेव्हा दिवे मालवलेले होते. दाराजवळचीच एक चटई रिकामी होती. शिकवणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून तिकडे खूण केली. सगळी माणसं पांघरुणं घेऊन उताणी पडलेली, एखाद्या हॉस्पिटलातल्यासारखी, पण कुणी कण्हत नव्हतं. मीही पडलो. बाई हळू आवाजात सांगत होत्या, पाय सोडा, खांदे सोडा, जबडा सोडा. जबडा सोडा म्हणाल्या तेव्हा मला कळलं की माझे दात आवळलेले आहेत. कधीपासून, देव जाणे. तिथे किती वेळ गेला सांगता येत नाही. डुलकी लागली असेल. मग बाई म्हणाल्या, "आता डोळे न उघडता सावकाश उजव्या कुशीवर वळा. घंटी वाजेपर्यंत कुणी उठू नका, बोलू नका."

मी वळलो. माझ्या उजवीकडे. म्हणजे डावीकडे.

आणि गालावर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं झालं म्हणून डोळे उघडले.

हातभर अंतरावर ती होती.

ताई, ती झोपलेली नव्हती. डोळे मिटून जागी होती. एक हात गालाखाली. केस कापलेत तिने, मानेपर्यंत, हे मला माहीत नव्हतं. मी आधी हेच बघत राहिलो. मग मला दिसलं की काहीतरी वेगळं आहे, आणि ते केस नव्हेत. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी असते ना? मला वाटायचं ती जन्माचीच आहे. मी तिला तिच्यावरून चिडवायचो, म्हातारी म्हणायचो. काल ती आठी नव्हती. कपाळ साफ होतं.

तेव्हा मला आठवलं की डॉक्टरीणबाईंचं ते बघणं मी कुठे पाहिलं होतं. गॅसवर दूध ठेवलं की माणूस जसा तिथेच उभा राहून बघतो, आता उतू जाईल, मग उतू जाईल, तशी ती माझ्याकडे बघायची. दोन वर्षं. हसताना, चहा पिताना, मी तिच्यासाठी काही आणलं तरी. मला वाटायचं, किती टक लावून बघते माझ्याकडे, किती प्रेम.

आता मी पत्र लिहिताना जरा थांबलो होतो. जोडीदाराने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता गेला. असं तो कधी करत नाही.

घंटी वाजायची होती. वाजली की सगळे उठून बसणार, डोळे उघडणार, आणि तिला सगळ्यात आधी मी दिसणार. हातभरावर. मी एवढे दिवस हेच तर मागत होतो. भाषण तयार होतं. "फक्त पाच मिनिटं ऐक." आणि मला दिसत होतं काय होईल ते. मी पहिला शब्द बोलायच्या आत ती आठी परत येईल. मी रागावलेलो नसलो तरी येईल. मी रडलो तरी येईल.

तिच्या कपाळाकडे मी अजून थोडं बघितलं. तेवढं मी माझ्यासाठी घेतलं. त्याची मात्र माफी मागत नाही.

आता तुझं उत्तर. तू म्हणाली होतीस, "तिच्या वाटेला जाणार नाहीस असं वचन दे." देतो. पास महिनाअखेरीला संपेल, पुढे काढणार नाही. कालच्या त्या क्लासकडे जाणार नाही, त्या रस्त्यानेही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात त्यांच्याकडे सकाळी एकटं यायचं असेल तर गाद्या धरतील, बघू.

आणि एक मागतो. मी तिथे होतो हे तिला सांगू नकोस. तुला वाटेल, सांगितलं तर तिला बरं वाटेल, पोरगा सुधारला म्हणून. नको. तिला कळलं की ती तो क्लास सोडेल. मग दुसरीकडे जाईल, आणि तिथे प्रत्येक वेळी डोळे मिटायच्या आधी शेजारी कोण आहे ते बघून घेईल. दाजींनाही सांगू नकोस. सासूबाईंना वाटत असेल मी अजून तिच्या मागेच आहे, तर वाटू दे. तू वाच आणि फाड.

मी पांघरूण बाजूला केलं. गुडघ्यांवर सरकत दाराशी गेलो. बाईंनी मान वर केली, कपाळाला आठ्या घालून खाली पडायची खूण केली. मी हात जोडले. काय समजल्या माहीत नाही, मान वळवली त्यांनी. बूट हातात घेतले, बाहेर आलो. बाहेरच्या दिव्याची एक तिरीप आत तिच्या पांघरुणावर पडली होती, ती अंगाने अडवली. दार जड होतं, आपोआप लागणारं, सोडलं असतं तर धाडकन गेलं असतं. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं, मूठ खाली दाबून, कडी चौकटीत बसेपर्यंत सोडलं नाही, आणि लावून घेतलं. आत कुणाला ऐकू गेलं नाही.

तुझा,
अर्धाच, पण तुझा भाऊ