शेवंताने पूर्ण केलेले सुत्त

राहुरी, सोमवार, संध्याकाळ

बोधगयेहून आज परतलो. बोधिवृक्षाखालचा तो क्षण मनातून जात नाही. आमच्या विहाराच्या वतीने महामंगल सुत्त म्हणण्याचा मान माझा. जन्मभर पाली ग्रंथ वाचणारा मी, आणि सातव्या गाथेवर अडलो! देशोदेशीचे भिक्खू पाहत होते. तोच मागून माझ्या पत्नीचा, शेवंताचा, स्वर उठला. अक्षरओळखही नसलेल्या तिने उरलेले सुत्त न अडखळता पूर्ण केले.

"कधी शिकलीस?" मी नंतर विचारले.

"शिकती कुठं? रोज पहाटं तुमी म्हनता, मी भाकरी थापती. कान काय चुलीत घातले हुते व्हय?"

त्या सातव्या गाथेची लाज वाटायला हवी होती का? वाटली नाही. परतीच्या गाडीत अनोळखी प्रवाशांनाही मीच हे सांगत आलो.

उद्या विहारात ती पुढे बसेल. मी मागून म्हणेन.