न उघडलेला गिअरबॉक्स

३ मार्च

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीची दाढ सोडली तर सगळं ठीक. तू म्हणशील, दादाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिघडलंय. बिघडलंयच.

आपल्या गल्लीतल्या नर्सबाई गाडीनं घरोघर जाऊन आजाऱ्यांचं बघतात. त्यांचा गिअरबॉक्स गेला. नवा परवडेना, म्हणून भंगारवाल्या शेठकडून जुना घेतला. शेठनं बिलावर ‘चालू माल, तीन महिने हमी’ लिहिलं आणि झाकणावर लाल सील मारलं. सील तुटलं की हमी संपली. मी गॅरेजात तो बसवला, आणि अकराव्या दिवशी गाडी चढावर जी अडकली ती अडकलीच. बिचाऱ्या नर्सबाई औषधांची पिशवी घेऊन तीन किलोमीटर पायी गेल्या.

आता शेठ सांगत फिरतोय, माल चोख होता, मिस्त्रीनं वाट लावली. मी दिसलो की लोक बोलायचे थांबतात. तीस वर्षांचं नाव गं, दुसरं आहे काय माझ्याकडे? तू ग्राहकांच्या तक्रारींच्या कचेरीत काम करतेस, तूच सांग काय करू.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्रावर तुझा ग्रीसचा अंगठा बघून आधी हसू आलं, मग पत्र दोनदा वाचलं. पण घाबरू नकोस. जुनी वस्तू घेतली म्हणून माणसाचा हक्क जुना होत नाही. चालू म्हणून विकली ना, मग ती चाललीच पाहिजे. नर्सबाईंना शेठला लेखी कळवायला सांग, पोच घ्यायला सांग. दाद दिली नाही तर ग्राहक मंचात अर्ज. बिल सांभाळा, आणि तो गिअरबॉक्स आहे तसा ठेवा. तो मंचानं नेमलेल्या माणसासमोरच उघडू दे.

एक विचारते. बसवण्याआधी आतून बघितला होतास ना? परका माल उघडल्याशिवाय बसवायचा नाही, हे बाबांनी आपल्याला पाढ्यांसारखं घोकायला लावलं होतं.

वहिनीला दातांच्या डॉक्टरकडे ने, टाळू नकोस. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

नाही बघितला. सील तुटून हमी जाईल म्हणून भ्यालो. हातानं फिरवून कान लावला, आवाज गोड वाटला, बसवून टाकला. असा गाढवपणा बाबांच्या हातून झाला नसता. नर्सबाईंनी अर्ज केलाय. त्या म्हणाल्या, त्यात तुमचं नाव घालणार नाही. हे ऐकल्यापासून त्या दिसल्या की मीच नजर चुकवतो.

दादा

२१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

अर्जात नाव नाही ना? मग गप्प बस. कुणी विचारलं तरच बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

धाकटी

८ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी शपथ मोडली. आधी ऐक, मग रागाव.

काल मंचात सगळ्यांसमोर गिअरबॉक्स उघडला. आतलं दातेरी चाक तडकून पुन्हा जोडलेलं, आणि तेलात लाकडाचा भुसा! आवाज दबावा म्हणून गं. अख्खी खोली आ वासून बघत राहिली. शेठचा वकील म्हणाला, भुसा मिस्त्रीनंच घातला असेल. तेव्हा मंचाच्या तपासनिसांनी दाखवलं की उघडेपर्यंत सील शाबूत होतं. शेठ स्वतःच्याच सीलमध्ये अडकला.

जिंकलोच होतो. तेवढ्यात मी हात वर केला. मंचाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, तुम्ही कोण, तुमच्यावर तर तक्रारच नाही. मी म्हणालो, म्हणूनच उभा राहिलोय. नर्सबाई पायी गेल्या त्या दोघांमुळे. एकानं खोट लपवली, दुसऱ्यानं शोधली नाही. त्या दुसऱ्याचंही नाव लिहा.

निकाल असा, की शेठनं पैसे परत करायचे आणि मी मजुरी न घेता दुसरा गिअरबॉक्स बसवायचा.

दादा

१४ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रागावू कशी? बारा वर्षं मी तक्रारींचे कागद लावते. हजारो माणसं, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, चूक माझी नाही. माझंही नाव लिहा म्हणणारा एकही कागद माझ्या हाताखालून गेलेला नाही. तुझं पत्र मी कचेरीत मोठ्यानं वाचलं. आमचे हेडक्लार्क कुणासाठी खुर्ची सोडत नाहीत, ते उठून उभे राहिले. आणि मी तुला झाकली मूठ शिकवत होते! माझी मला लाज वाटली रे. दादा, तू माझा भाऊ आहेस याचं आज नवल वाटतंय.

गिऱ्हाईक कसं आहे ते खरं कळव.

तुझी,
धाकटी

३० जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

खरं सांगतो. नर्सबाईंची गाडी पळतेय, पण तीन आठवडे गॅरेजकडे दुसरं कुणी फिरकलं नाही. तुझी वहिनी दाढ दुखत नसतानाही तोंड धरून बसायची.

आज सकाळी शेठ आला. मला वाटलं, भांडायलाच. त्यानं गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. खाली बघत म्हणाला, ही माझ्या लेकीची गाडी. ती रोज घाट चढते. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही.

मी किल्ली उचलली. गाडी दारात उभी आहे, म्हणून पुरे करतो.

तुझा,
दादा