घरातल्या ढगावरची गोधडी

माय, सगळ्यात आधी कोन आलं असंन, सांग? तुही धाकटी नाही, तिची जाऊ! दोघी धामणगावाहून संगंच निघाल्या, पन धाकटी फाटकापाशी चपलीचा पट्टा सोडत बसली अन् जाऊबाई पिशवीसकट थेट सैपाकघरात. "कुठं हाय तुमचा ढग?"

ढग म्हंजे ते क्लाउड, आपल्या सुनेचं काम. फोटो, कागद, गानी लोकायच्या कंपनीत कशाले ठेवाची, म्हने. जुन्या कॉम्प्युटरचा तिनं सर्व्हर केला अन् ठेवला कुठं, तर मिठाच्या बरनीपाशी, वायफायचा डबा तिथंच हाय म्हनून. त्याच्यात तुहा आवाज हाय माय. माह्या लग्नात मामानं टेप केला होता ना, तो. सुनेनं कॅसेट त्याच्यात उतरवली अन् मागून फीतच तुटली. म्हंजे आता तू तेवढ्या एका डब्यात. तू गेली तवा धाकटी तीन वर्षांची. तिले तुहा आवाज आठवतच नाही. सून म्हने फोनवर धाडते, तर धाकटी म्हने, "नको, बाईपाशी बसून ऐकीन." बाई म्हंजे मी.

बसलो. बाहेरच्या खोलीत सुनेनं फोनवर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जाऊबाई म्हने, "बरसून गेला वाट्टे." धाकटीचं तोंड एवढुसं झालं. सून आत धावली अन् तिथूनच वरडली, "आई, याच्यावर गोधडी कोनं टाकली? तापून बंद पडला ना!"

मीच टाकली. सैपाकघरातलं उघडं ठेवलं तर तू किती बोलायची! दुधावर ताट नव्हतं तर शेजारनीपुढं माहा कान पिळला होता तू. मी सुनेले म्हनलं, "मंग सांगाव ना वं, त्याले हवा लागते म्हनून."

आमी चौघी त्याले पंखा लावून बसलो, बाळंतिनीपाशी बसल्यावानी. मंग खरखर, बँड, अन् एकदम तू:

"अवो, बुंदी झाका वं! माशा बसून राहिल्या!"

बस, एवढंच. ना आशीर्वाद, ना गानं. धाकटीनं तीनदा लावाले सांगितलं. हासता हासता डोळे पुसले अन् म्हने, "बाई, हा तं तुहाच आवाज हाय. मी तं जलमभर ऐकून राहिली."

मी उठली अन् दुधावर जाळी झाकली, माय.

ही चिठ्ठी कुठं धाडाची नाही, डाळीच्या डब्यात ठेवून झाकन लावते. सुनेच्या हाती लागू नये, कारन त्या ढगावर मी पुन्हा जाळी झाकली हाय. दुधावरची. हवा जाते तिच्यातून. दोघी गुरुवारी पुन्हा येतो म्हनल्या. बुधवारी काढून ठेवीन.