आडवं पान

दरेकसा,
११ जानेवारी २००८

हेमेंद्रभाऊ,
जयभीम. तू नि चेतनावहिनी मजेत असाल.

तू वही मागून तीन आठवडे झाले. लिहायला बसलो की उठत होतो. कधी सरपण आणायला, कधी स्टेशनावर उगाच गाडी पाहायला. मध्ये चार दिवस नागझिऱ्याला गाइडगिरी करून आलो. एका साहेबानं अस्वलाला रानडुक्कर ठरवलं नि माझ्याशीच भांडला. असो. खरं म्हणजे वही हातात घ्यायची किळस येत होती.

नागपूरच्या ब्रिज टूर्नामेंटला पार्टनरांमध्ये ठरलेलं सगळं लेखी द्यावं लागते, समोरच्यांना वाचता यावं म्हणून. तर वहीत उतरवलं. एक नो-ट्रम्पची बोली म्हणजे हातात पंधरा ते सतरा पॉइंट. सुरुवातीलाच दोन बदाम म्हटलं तर हात कच्चा, पण बदाम सहा. बचावात तू एक्का खेळला नि मी मोठं पान टाकलं, तर तोच रंग पुन्हा खेळ. लहान टाकलं तर रंग बदल. अशी अकरा कलमं झाली. शाळा सातवीत सोडली, शुद्धलेखन तूच पाहून घे.

बारावं लिहायला तू सांगितलं नाहीस.

केशोरावकाकांनीच आपल्या दोघांना ब्रिज शिकवला. दिवाळीनंतर क्लबच्या फायनलला ते आपल्याविरुद्ध चार इस्पिकची बोली खेळत होते. तू पान टेबलावर आडवं ठेवलं, मी बदाम खेळलो नि त्यांचा डाव बुडाला. काका म्हणाले, "बदाम कसा सुचला रे तुले?" मी म्हटलं, "असंच, मनात आलं." त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ती जागा अजून घासून धुवावीशी वाटते.

बाहेर तू खर्रा थुंकत म्हणाला, "काऊन तोंड पाडून राहिला बे? जितलो ना." तुझा वीट आला. माझा त्याहून जास्त, कारण मीही हसलो.

क्लबात चहा देणारा चुन्नीलाल परवा गाडीत भेटला. काकांनी क्लब सोडला म्हणे. सगळ्यांना सांगतात, "माझं डोकं चालून नाही राहिलं आता."

म्हणून बारावं कलम मी लिहिलं आहे: पान आडवं ठेवलं तर बदाम खेळ. नागपूरला द्यायचं तर हे धरून दे, नाही तर दुसरा पार्टनर पाहा.

इथवर लिहिलं नि दारात केशोरावकाका. दुपारच्या पॅसेंजरनं आले, धापा टाकत. बसायच्या आधी खिशातून घडीचा कागद काढला. त्यावर तोच डाव, चारही हात, बावन्न पानं. म्हणतात, "दोन महिने पाहून राहिलो. बदाम खेळायचं कुठं दिसलं तुले, ते दाखव. माझं काय चुकलं, तेवढं समजू दे."

आता पाणी पीत आहेत. गिलास खाली ठेवला की वही त्यांच्या हातात देतो. तुला फक्त हे पत्र.

आजपर्यंत तुझा पार्टनर,
संघदीप